डिस्क जागेवर, व्हॉल्यूम बेपत्ता

लिनक्सची आवृत्ती बदलली, मशीन पुन्हा सुरू झालं आणि ज्या व्हॉल्यूमवर सगळा डेटा होता नेमका तोच दिसेनासा झाला, अशा घडीला ज्याच्या हाताखाली कीबोर्ड असतो त्याच्यासाठी ही पुस्तिका लिहिली आहे. अशा वेळी माणूस फारसं वाचत नाही, भराभर टाइप करत सुटतो. म्हणून निदान ही प्रस्तावना तरी सगळं सुरळीत चालू असताना, निवांतपणे वाचावी अशी विनंती आहे. अपग्रेडनंतर न दिसणारा व्हॉल्यूम बहुतेक वेळा डिस्कवर जसाच्या तसा असतो. काल ज्या सिस्टीमने तो उघडून दिला तिने आज तो उघडायला नकार दिलेला असतो, किंवा तिला तिथवर पोचताच आलेलं नसतं. हे नेमकं कुठल्या पायरीवर अडलं ते शोधायचं, आणि ते सापडेपर्यंत डिस्कवर काहीही लिहायचं नाही. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर गट दिसला नाही म्हणून कोणी शेतात जाऊन बांध फोडत नाही. आधी तलाठ्याकडे जाऊन नोंद पाहतो. इथेही आधी नोंद पाहायची आहे.

आता ही वेळ आपल्या भागात का येते ते पाहू. बेल्हे म्हटलं की जुन्नर-आंबेगावच्या माणसाला सोमवारचा बैलबाजार आठवतो. कल्याण–अहिल्यानगर महामार्गावर, आळेफाट्याच्या पूर्वेला असलेल्या या गावाच्या शिवारात आता अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. आसपासच्या पतसंस्था, दूध संकलन केंद्रं, दवाखाने आणि शाळा यांच्या कोपऱ्यातल्या खोल्यांमध्ये छोटे सर्व्हर चालतात. परवान्याचा खर्च नको म्हणून त्यांतल्या अनेकांवर लिनक्स असतं. ते सांभाळणारा माणूस मात्र बहुधा दुसऱ्याच कामासाठी नेमलेला असतो: कुठे प्रयोगशाळा सहायक, कुठे हिशेबनीस. यांतल्या कितीतरी मशीनवर सेंटओएस सात होतं. त्याचा आधार ३० जून २०२४ रोजी संपला, आणि सेंटओएस आठचा तर त्याच्याही आधी, ३१ डिसेंबर २०२१ रोजी संपला होता. मग अल्मालिनक्स किंवा रॉकी लिनक्सच्या आठ-नऊ आवृत्त्यांकडे जाणं भाग पडलं. एकेका उडीत कर्नल, ड्रायव्हर, बूट होण्याची रीत आणि व्हॉल्यूम सांभाळणाऱ्या एलव्हीएमचे नियम, सगळंच बदललं. व्हॉल्यूम बेपत्ता झाल्याच्या तक्रारी याच उडीच्या आसपास येतात.

डेटा म्हणजे काय मोलाचा असतो हे समजून घ्यायला आपल्याला लांब जावं लागत नाही. नारायणगावच्या पूर्वेला खोडदला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची महाकाय दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, उभी आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत. १४ डिश मधल्या चौकात आहेत आणि १६ तीन भुजांवर दूरवर पसरलेल्या आहेत. प्रत्येक डिशचा संकेत ऑप्टिकल फायबरमधून मुख्य इमारतीत येतो आणि तिथे प्रत्येक डिश दुसऱ्या प्रत्येक डिशशी ताडून पाहिली जाते. ३० डिशच्या अशा ४३५ जोड्या होतात. हे गणित पूर्वी खास त्यासाठी घडवलेल्या यंत्रांवर व्हायचं. २०१०च्या सुमारास ते बाजारात मिळणाऱ्या संगणकांच्या, लिनक्सवर चालणाऱ्या समूहाकडे आलं. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास विज्ञान दिनाचं प्रदर्शन पाहायला तालुक्यातली शाळकरी मुलं खोडदला जातात, तेव्हा त्यांचं लक्ष डिशवर असतं. त्यांनी आतल्या संगणकांकडेही पाहावं असं मला मनापासून वाटतं. आकाशात एखादा स्फोट झाला आणि त्या रात्रीची नोंद हरवली, तर तो स्फोट पुन्हा होत नाही. पतसंस्थेच्या खातेदाराच्या भरण्याची नोंद किंवा गावातल्या पेशंटच्या तपासणीचा अहवालही त्याच जातीचा असतो.

आता मूळ विषयाकडे. एलव्हीएम म्हणजे लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर. हाइन्झ माउल्सहागेन यांनी १९९८ साली एचपी-यूएक्स या युनिक्समधल्या व्यवस्थेच्या धर्तीवर लिनक्ससाठी तो लिहिला. २००१च्या २.४ कर्नलमध्ये तो आला आणि २००३च्या अखेरीला आलेल्या २.६ कर्नलपासून डिव्हाइस मॅपर या पायावर त्याची दुसरी पिढी उभी राहिली. आज आपण वापरतो ती हीच पिढी. तिची रचना अशी: डिस्कला किंवा पार्टिशनला फिजिकल व्हॉल्यूम करायचं, असे एक किंवा अनेक मिळून व्हॉल्यूम ग्रुप करायचा, आणि त्या ग्रुपमधून हवे तेवढे लॉजिकल व्हॉल्यूम कापून घ्यायचे. जागेचं माप एक्स्टेंटमध्ये होतं. नेहमीचा एक्स्टेंट ४ एमआयबीचा, म्हणजे १०० जीआयबीच्या व्हॉल्यूमला २५,६०० एक्स्टेंट लागतात. ते सलग असतीलच असं नाही, एकाच डिस्कवर असतील असंही नाही. कुठला तुकडा कुठे आहे हे फक्त मेटाडेटाला ठाऊक असतं.

हा मेटाडेटा नीट समजून घेतला की निम्मी भीती जाते. प्रत्येक फिजिकल व्हॉल्यूमच्या पहिल्या चार सेक्टरांपैकी एकात, बहुधा दुसऱ्यात, ‘लेबलवन’ ही खूण असते. तिच्यापुढे, साधारणपणे डिस्कच्या पहिल्या एक एमआयबीच्या आतच, ग्रुपचं पूर्ण वर्णन लिहिलेलं असतं: ग्रुपचं नाव, प्रत्येक डिस्कची ३२ अक्षरी ओळख, प्रत्येक व्हॉल्यूम कुठल्या एक्स्टेंटपासून कुठपर्यंत. हे वर्णन साध्या, वाचता येणाऱ्या मजकुरात असतं. ग्रुपमध्ये चार डिस्क असतील तर नेहमीच्या मांडणीत चारींवर त्याची प्रत असते. शिवाय मूळ सिस्टीमच्या ‘ईटीसी’ फोल्डरात, एलव्हीएमच्या उपफोल्डरात, ‘बॅकअप’ आणि ‘आर्काइव्ह’ अशा दोन ठिकाणी त्याच्या प्रती ठेवल्या जातात. आर्काइव्हमध्ये प्रत्येक बदलाआधीची अवस्था राहते, निदान दहा फाइल आणि निदान तीस दिवस. ज्या व्यवस्थेने स्वतःचा नकाशा इतक्या ठिकाणी आणि इतक्या उघड भाषेत लिहून ठेवला आहे, तिच्यातून डेटा सहजासहजी नाहीसा होत नाही. नाहीसा होतो तो घाबरून दिलेल्या आदेशांमुळे. ‘पीव्हीक्रिएट’ पुन्हा चालवणं, ‘एमकेएफएस’ करणं, इन्स्टॉलर किंवा विंडोज ‘डिस्क इनिशियलाइझ करू का’ विचारत असताना हो म्हणणं, यांत हा नकाशाच पुसला जातो. ‘व्हीजीरिड्यूस’ला रिमूव्हमिसिंग आणि फोर्स हे दोन पर्याय एकत्र देणं तर त्याहून घातक. न दिसणाऱ्या डिस्कवर ज्यांचे तुकडे आहेत ते व्हॉल्यूम त्याने ग्रुपमधूनच काढून टाकले जातात, आणि ती डिस्क कदाचित फक्त केबल सैल झाल्यामुळे दिसत नसते. कोणी फोनवर हा आदेश सांगितला तर तो ऐकू नका.

मग अपग्रेडने बिघडतं काय? माझ्या मते या सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी धोरणातला एक बदल आहे, आणि तो पुरेसा कोणी समजावून सांगत नाही. जुना एलव्हीएम मशीनला जोडलेली प्रत्येक डिस्क चाचपून पाहायचा आणि खूण सापडली की ती आपली मानायचा. मोठ्या सर्व्हरवर, जिथे एकाच डिस्कवर अनेक आभासी मशीनचे व्हॉल्यूम असतात, तिथे हे धोक्याचं होतं. यजमान मशीन पाहुण्याच्या व्हॉल्यूमला हात घालायचं. म्हणून नवा एलव्हीएम जपून वागतो. रेड हॅटच्या नवव्या आवृत्तीत आणि तिच्या अल्मा, रॉकी या भावंडांत त्याच्याकडे परवानगी दिलेल्या डिस्कची यादी असते. ‘सिस्टम डिव्हाइसेस’ नावाची ही फाइल एलव्हीएमच्याच फोल्डरात असते. यादीत जी डिस्क नाही ती एलव्हीएमच्या लेखी नाहीच. नव्याने स्थापना करताना आपण इन्स्टॉलरमध्ये फक्त सिस्टीमची डिस्क निवडतो, डेटाच्या डिस्कला जपून हात लावत नाही. ते योग्यच असतं, पण त्यामुळे यादीत सिस्टीमची डिस्क येते आणि डेटाची राहून जाते. मशीन सुरू होतं, ‘एलएसबीएलके’ डिस्क दाखवतो, ‘बीएलकेआयडी’ तिच्यावर एलव्हीएमची खूण असल्याचं सांगतो, आणि ‘पीव्हीएस’ मात्र तिचं नावही घेत नाही. हे तीन आदेश एकमेकांशेजारी ठेवून पाहिले की निदान तिथेच होतं. त्याच धाटणीचा एक उपप्रकार आहे. जुनी फिरती डिस्क जशीच्या तशी नव्या एसएसडीवर उतरवली, तर मेटाडेटा तोच राहतो पण हार्डवेअरचा ओळखक्रमांक बदलतो. यादी सहसा त्या क्रमांकावरून डिस्क ओळखते, त्यामुळे नवी एसएसडी अनोळखी ठरते. ‘एलव्हीएमडिव्हाइसेस’ आणि ‘व्हीजीइम्पोर्टडिव्हाइसेस’ या दोन आदेशांवरचं प्रकरण याच कारणाने या पुस्तिकेतलं सर्वांत लांब प्रकरण झालं आहे. सगळे ग्रुप एकदम यादीत घेण्याचा पर्यायही तिथे मिळतो. आभासी मशीन चालवणाऱ्यांनी तो वापरू नये. एकेक ग्रुप नाव देऊन घ्यावा.

याच सावधपणाचे आणखी दोन परिणाम आहेत. पूर्वी काही जण लॉजिकल व्हॉल्यूमच्या आत पुन्हा फिजिकल व्हॉल्यूम करायचे, विशेषतः आभासी मशीनसाठी. नव्या मालिकेत एलव्हीएम व्हॉल्यूमच्या आत डोकावत नाही, तसं पाहायला हवं असेल तर सेटिंग बदलून सांगावं लागतं. दुसरं म्हणजे फिल्टर. कोणी तरी फार पूर्वी कॉन्फिगरेशन फाइलीत ‘अमुक नावाची डिस्क घे, बाकी सोड’ असं लिहून ठेवलेलं असतं. नव्या कर्नलमध्ये डिस्क सापडण्याचा क्रम बदलतो, एसडीएची एसडीबी होते, आणि जुना फिल्टर नेमकी हवी ती डिस्क सोडून देतो. डिस्कच्या या नावांवर कशातही विसंबू नये. माउंटच्या यादीतही, म्हणजे एफएसटॅबमध्ये, अशी नावं लिहिलेली असतील तर व्हॉल्यूम ठणठणीत असूनही मशीन इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन थांबतं.

दुसरं मोठं घराणं बूटच्या पहिल्या काही सेकंदांतल्या अडचणींचं. कर्नल सुरू होताना त्याच्यासोबत इनिटरामएफएस नावाची एक छोटी, तात्पुरती फाइल सिस्टीम मेमरीत चढते. मुख्य डिस्क उघडण्यापुरते ड्रायव्हर आणि साधनं तिच्यात असतात. तिच्यात एलव्हीएम नसेल किंवा डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर नसेल, तर रूट व्हॉल्यूम सापडत नाही, थोडा वेळ वाट पाहून बूट थांबतं आणि एक ओकाबोका शेल समोर येतो. आपल्या भागात याचं एक नेहमीचं कारण म्हणजे अपग्रेड चालू असताना गेलेली वीज. ही फाइल अर्धवट लिहिली जाते. दुसरं कारण त्याहून साधं: बूटचं पार्टिशन जुन्या कर्नलांनी भरलेलं असतं, नवी फाइल मावत नाही, आणि तशी सूचना शेकडो ओळींच्या गर्दीत निघून जाते. अशा वेळी जुन्या कर्नलवरून मशीन सुरू होतं का ते आधी पाहावं. होत असेल तर काम सोपं आहे: बूटच्या पार्टिशनवर जागा करा आणि ही फाइल नव्याने बनवा; रेड हॅट घराण्यात ‘ड्रॅकट’, डेबियन-उबुंटूत ‘अपडेट-इनिटरामएफएस’. पण रेड हॅटच्या आठव्या आवृत्तीने जुन्या रेड (आरएआयडी) कंट्रोलरांचे बरेच ड्रायव्हर कर्नलमधून काढूनच टाकले. कुठल्याशा कंपनीने मोडीत काढलेला जुना सर्व्हर स्वस्तात घेऊन चालवणाऱ्या आपल्याकडच्या संस्थांना हा फटका जास्त बसतो. इथे एलव्हीएम तपासून उपयोग नाही, कारण कर्नललाच डिस्क दिसत नाही. ‘ईएलरेपो’ हा स्वयंसेवी प्रकल्प असे वगळलेले काही ड्रायव्हर तयार करून देतो; कंट्रोलरचं नेमकं मॉडेल अपग्रेडच्या आधी तिथे शोधून ठेवावं.

सॉफ्टवेअर रेडवर एलव्हीएम असेल तर एक विचित्र प्रकार घडतो. दोन डिस्कचा आरसा केलेला असतो आणि काही मांडण्यांत रेडची स्वतःची नोंद डिस्कच्या शेवटाला असते. अपग्रेडनंतर रेड जुळलं नाही, तर डिस्कच्या सुरुवातीला असलेली एलव्हीएमची खूण दोन्हींवर उघडी पडते आणि तीच ओळख दोनदा सापडल्याची तक्रार येते. लोक या इशाऱ्याकडे काणाडोळा करतात. तसं करू नये. रेड जुळवण्याआधी एका डिस्कवर काही लिहिलं गेलं तर आरशाच्या दोन बाजू वेगळ्या होतात आणि मग कुठली खरी हे ठरवणं फार अवघड जातं. आधी रेड, मग एलव्हीएम.

बाकी कारणं थोडक्यात. थिन पूल वापरत असाल तर त्याची तपासणी करणारं ‘थिन चेक’ हे साधन वेगळ्या पॅकेजमध्ये असतं. अपग्रेडमध्ये ते सुटलं की पूल सुरू होत नाही, पॅकेज घातलं की होतो. पहिल्या पिढीचा, ज्याला एलव्हीएम वन म्हणतात तो मेटाडेटा २०१८ साली आलेल्या २.०३ आवृत्तीपासून वाचलाच जात नाही; अशी डिस्क जुन्या सिस्टीमवर नेऊन ‘व्हीजीकन्व्हर्ट’ने बदलावी लागते. एनक्रिप्ट केलेली डिस्क आधी उघडली गेली नाही तर तिच्यावरचा ग्रुप दिसणारच नाही. कधी ग्रुप दिसतो, व्हॉल्यूम दिसतात, पण ‘एलव्हीस्कॅन’मध्ये त्यांच्यापुढे ‘इनॅक्टिव्ह’ लिहिलेलं असतं. तिथे फक्त ‘व्हीजीचेंज’ने ग्रुप जागा करायचा असतो, आणि मग तो आपोआप का जागा झाला नाही हे शोधायचं.

प्रयोगशाळेत हमखास भेटणारं एक कारण मात्र जरा सविस्तर सांगायला हवं. उबुंटू सर्व्हरचा इन्स्टॉलर प्रत्येक मशीनवर ग्रुपला एकच ठरलेलं नाव देतो. बंद पडलेल्या मशीनची डिस्क काढून दुसऱ्या उबुंटू मशीनला जोडली की एकाच नावाचे दोन ग्रुप समोरासमोर येतात आणि जुना उघडत नाही. विद्यार्थ्यांना वाटतं डिस्क बिघडली. वास्तविक ग्रुपची ओळख नावात नसून त्या ३२ अक्षरांत असते. ‘व्हीजीरिनेम’ला जुन्या ग्रुपची ती ओळख देऊन नवं नाव ठेवलं की दोन्ही सुखाने नांदतात. ओळख टाइप करण्याआधी ती कुठल्या डिस्कची आहे हे दोनदा पडताळावं, नाहीतर चालत्या मशीनच्या रूट ग्रुपचंच नाव बदलून बसाल आणि ते मशीन पुढच्या वेळी सुरू होणार नाही.

या पुस्तिकेत क्रम खालून वर ठेवला आहे. कर्नलला डिस्क दिसते का, पार्टिशन दिसतं का, एलव्हीएमची खूण दिसते का, ग्रुपमधल्या सगळ्या डिस्क हजर आहेत का, व्हॉल्यूम जागा आहे का, आणि शेवटी फाइल सिस्टीम माउंट होते का. ज्या प्रश्नाला पहिल्यांदा ‘नाही’ असं उत्तर येतं, दोष तिथे आहे. त्याच्या वरच्या कुठल्याही पायरीवर खटपट करून उपयोग नाही. हे सगळे प्रश्न फक्त वाचणाऱ्या आदेशांनी विचारता येतात. मेटाडेटाच बिघडल्याचा संशय असेल तर ‘पीव्हीसीके’चा डंप पर्याय डिस्कवरचं वर्णन जसंच्या तसं पडद्यावर दाखवतो, डिस्कला न बदलता. आर्काइव्हमधल्या प्रतीवरून तो परत लिहिणारा ‘व्हीजीसीएफजीरिस्टोअर’ शेवटच्या प्रकरणात आहे, आणि त्याच्याआधी पूर्ण डिस्कची प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर घेण्याचं प्रकरण आहे. ही दोन प्रकरणं त्याच क्रमाने वाचावीत. आवाज करणारी, मधेच नाहीशी होणारी, खरोखर मरू घातलेली डिस्क हा या पुस्तिकेचा विषय नाही. ती ताबडतोब बंद करून डेटा परत मिळवणाऱ्या जाणकाराकडे न्यावी.

अपग्रेडच्या आदल्या दिवशी करायचं काम अर्ध्या तासाचं आहे. ‘एलएसबीएलके’, ‘पीव्हीएस’, ‘व्हीजीएस’ आणि ‘एलव्हीएस’ यांचं उत्तर कागदावर छापून घ्यावं, शेवटच्या आदेशात कुठला व्हॉल्यूम कुठल्या डिस्कवर हेही मागावं. ‘ईटीसी’मधला एलव्हीएमचा पूर्ण फोल्डर आणि एफएसटॅब पेनड्राइव्हवर घ्यावा. बूटच्या पार्टिशनवर जागा आहे का पाहावं, यूपीएसची बॅटरी किती वेळ तग धरते ते तपासावं. ज्या आवृत्तीवर जायचं आहे त्याच आवृत्तीचा लाइव्ह पेनड्राइव्ह बनवून त्यावरून मशीन एकदा सुरू करून पाहावं. लाइव्ह सिस्टीमकडे परवानगीची यादी नसते आणि जुना फिल्टरही नसतो. तिच्यात सगळे व्हॉल्यूम दिसले तर नव्या कर्नलला तुमचा कंट्रोलर ओळखता येतो आणि नवा एलव्हीएम तुमचा मेटाडेटा वाचू शकतो, हे अपग्रेडआधीच कळतं. तिथेच ते दिसले नाहीत तर अपग्रेड पुढे ढकलावं आणि तिसऱ्या प्रकरणापासून वाचायला सुरुवात करावी.